आबांची गाडी आणि माझा लाल रंग

आमच्या घरात आबांची मोटारसायकल थोरली आणि मी धाकटा. मानाचा क्रमही तोच.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतले सुभेदार, रिटायर होऊन कडेगावात स्थायिक झालेले. ही गाडी त्यांनी माझ्या जन्माआधी, सुट्टीवर आले असताना घेतली. इंजिन अजून खणखणीत, टाकी चकचकीत. पण बाजूची दोन्ही प्लॅस्टिकची झाकणं उन्हानं पार विटलेली. कधीकाळी लाल असतील, आता शिळ्या चहासारखी दिसत. नवीन मिळायची सोय नाही, कारण ती गाडी निघायची बंद होऊनही जमाना झाला.

येत्या रविवारी सांगलीत जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि आबा जाणार होते. त्याआधी ते मेढ्याला आत्याकडे गेले. मी साताऱ्याहून सुट्टी घेऊन घरी आलो होतो. म्हटलं, आबा परत यायच्या आत झाकणं नवीकोरी करून त्यांना चकित करू!

"घरातला पंखा पुसता येत नाही तुम्हाला," बायको म्हणाली.

"मनीषा, मी व्हिडिओ बघितलाय."

"बघा बाई! म्हणजे गाडी गेलीच."

व्हिडिओतला माणूस सांगत होता, आधी साबणानं धुवा, मग पॉलिश पेपरनं घासा, मग प्लॅस्टिकचा प्रायमर मारा, मग रंग. मला वाटलं, याला व्हिडिओ लांबवायचा असणार. मी झाकणांवरून कोरडं फडकं फिरवलं (तेही एकदाच) आणि अंगणात लाल रंगाच्या फवाऱ्याचा डबा दाबला.

नेमका तेव्हाच वारा सुटला.

झाकणावर रंग कमी आणि आसमंतात जास्त गेला. धुकं विरलं तेव्हा कुंपणापलीकडून शेजारचे तात्या माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हातात दावं आणि दाव्याला त्यांची पांढरी शेळी. एका अंगानं गुलाबी!

"आरं गड्या, माजी शेळी लाजतीया का काय?"

"तात्या, चुकून झालं ओ!"

"चुकून? हिला उद्या बगाय यायचंय गिऱ्हाईक! काय सांगू त्येला, हळद लागलीया म्हनू?"

तात्यांची समजूत घालेपर्यंत रानात गेलेली आई आली. तिनं डोक्यावरचा भारा खाली टाकला, झाकणाकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "हितला मोर कुटं गेला रं?"

"मोर? इथं तर कोंबडीचं चित्र होतं."

शेळीसुद्धा ओरडायची थांबली.

"कोंबडी?" आई म्हणाली. "त्यो मोर हुता! मी काडलेला! लगीन झाल्यावर ह्ये पैल्यांदा सुट्टीवर आले आन् गाडी घेतली. बेंदराच्या सनाला बैलाच्या शिंगांना लावल्याला रंग उरला हुता, त्येनं काडला. ह्ये मनले, सुले, यकवेळ गाडी इकीन, पन मोर इकायचा न्हाई."

इतकी वर्षं मी ते चित्र कुठल्यातरी अंडी विकणाऱ्या कंपनीचं समजत होतो!

तेवढ्यात फोन वाजला. आबा.

"कराडात हाय. यष्टीत बसलोय. घरी सगळं ओके?"

"ओके," मी म्हणालो. माझा आवाज शेळीसारखा निघाला.

मग एकच धावपळ! तात्या आपलं दुःख विसरून रॉकेलची बाटली घेऊन आले. "चोळ, समदं निगंल."

"खबरदार!" आई ओरडली. "रंगाबरूबर मोरबी जाईल!"

मनीषा म्हणाली, "निदान वाळवा तरी. ओल्या रंगाचा हात लागला तर अजून शोभा." तिनं केस वाळवायचं यंत्र आणून दिलं. मी गरम वारा सोडला, आणि बघता बघता झाकणावरचा रंग फुगला. अगदी तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म!

मी डोळे मिटले. संपलं. आता मेढ्याला आत्याकडे कायमचं राहायला जावं, एवढाच मार्ग दिसत होता.

आईनं मात्र पुढं होऊन त्या फुग्याला नख लावलं आणि कड धरून अलगद ओढलं. दुधावरची साय निघावी तसा सगळा लाल रंग एका तुकड्यात निघून आला! आणि खाली, विटलेल्या झाकणावर, मोर. पिसारा फुलवून, जसाच्या तसा. (खरं सांगायचं तर अजूनही तो कोंबडीसारखाच दिसतो. हे कुठं बोलू नका.)

आई हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. आम्ही दुसरं झाकण सोलत असतानाच आबा फाटकातून आत आले. आधी गुलाबी शेळीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या लाल सालीकडे.

"रिपोर्ट!"

मी सगळा रिपोर्ट दिला. ऐकून आबा खो खो हसत सुटले.

"आरं खुळ्या, दर रव्वारी मी ह्या झाकनास्नी खोबरेल लावून पुसतोय. वर्सानुवर्सं तेल प्यालंय त्ये! त्येच्यावर रंग धरंल व्हय?"

म्हणजे मी नीट धुतलं असतं, घासलं असतं, तर मोर गेलाच होता. डोक्याला हात लावून बसलो असतो.

रविवारी सांगलीच्या मेळाव्यात आबांच्या गाडीभोवती ही गर्दी! एका साहेबांनी चष्मा सरकवत विचारलं, "मूळ रंग, मूळ चित्र, सगळं शाबूत. हे कसं काय राखलंत हो?"

आबांनी मला पुढं ओढलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"ह्यो माजा पोरगा. ह्यानं लय मनापासनं बिगडवाय घेतलं हुतं. पन त्येबी जमलं न्हाई त्येला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून त्या स्वीकारल्या.