व्हॅम्पायरचं स्थळ

मी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवते, आणि उद्याचं लेक्चर आज संध्याकाळी घरच्यांना ऐकवते. मरोळच्या आमच्या दोन खोल्यांत पळून जायला जागा नाही, त्यामुळे श्रोते हमखास मिळतात.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीला गावाकडच्या एका खोतांच्या घरातून मागणी आली. मोठं घराणं, कलमांच्या बागा. गिरणी कामगाराचा मुलगा असलेले आमचे बाबा नुसत्या आडनावानेच विरघळले. एरवी आमच्यात मुलाच्या गावी कुणाला तरी पाठवून चौकशी केल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. पण एवढ्या मोठ्या माणसांची चौकशी करणं बरं दिसत नाही, असं बाबांचं म्हणणं. मुलगा येऊन पोहे खाऊन गेला तेव्हापासून बहीण गप्प होती, आणि माझं डोकं तापलं होतं.

अशाच एका संध्याकाळी लेक्चरचा विषय होता व्हॅम्पायर. मी सांगत होते की युरोपातल्या खेड्यांत तो मुळात साधा गावकरी होता. थडग्यातून उठलेला, फुगलेला, लालबुंद, मातीने माखलेला, आणि आपल्याच घरच्यांच्या मुळावर उठलेला. दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजी लेखकांनी त्याला उचलून थेट दिवाणखान्यात बसवलं. अंगावर उंची कोट, चेहरा फिकट, नावामागे सरदारकी. आता त्याला चोरून शिरावं लागेना. लोकच ‘या, बसा’ म्हणू लागले, आणि तो चांगल्या घरच्या मुलींना मागणी घालू लागला.

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. माझ्या लेक्चरला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

“कोणीच चौकशी केल्यान नाय?” त्यांनी विचारलं.

सरदाराची चौकशी कोण करणार, असं मी मुद्दाम जरा मोठ्यानेच म्हटलं.

“आणि त्या चेडवाक विचारल्यानी?”

मुलीला विचारायची पद्धत त्या गोष्टींत नसते, मी म्हणाले. लग्न ठरतं आणि ती जिवानिशी जाते. बाबा कांदा चिरत बसलेल्या बहिणीकडे वळले.

“गो, तुका तो पसंत आसा काय?”

“नाही,” ती लगेच म्हणाली. “पण मला कोणी विचारलंच नाही ना, बाबा.”

मला इतका आनंद झाला की मी लेक्चर तिथेच सोडून दिलं. आईला मात्र काळजी, मध्यस्थांना कारण काय सांगायचं? बाबा तोवर फोन शोधायला उठले होते.

“चेडवाक नको,” ते म्हणाले. “आणखी कारण कित्याक होया?”