देव सोडतो

कुंभारी गावची मावशी. आधी तिचंच सांगते. अक्कलकोट रोडच्या त्या टॉवेलच्या कारखान्यातून आम्हा चौघींना बाहेर काढलं ते तिनं. मुकादम आला नाही, गावाकडून कुणी आलं नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढं मी तिच्याकडं सारखी चोराकडं बघावं तशी बघणार आहे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बाई खरंच तशी होती.

माझं गाव यवतमाळकडं. नववी अर्ध्यात सोडली. नंतर शिवणयंत्र शिकले आणि एका मुकादमाबरोबर आम्ही चार मुली सोलापूरला आलो. चौघींचीही लग्नं व्हायची होती. काम वाईट नव्हतं. खाली माग चालायचे, वर पत्र्याखाली आमची शिलाई. मागावरून आलेला लांब पट्टा कापायचा, टॉवेलच्या कडा दुमडून शिवायच्या, सुटे धागे छोट्या कात्रीनं छाटायचे. राहायला मागंच एक खोली होती. मुकादमानं आम्हाला तिथं उतरवलं, मॅनेजरशी काहीतरी बोलला आणि गेला. त्यानंतर त्याचा फोन कधी लागलाच नाही.

मॅनेजरनं पहिल्याच दिवशी आमची आधार कार्डं मागून घेतली. झेरॉक्स काढायची आहे म्हणाला. नंतर फोनही घेतले, कामात लक्ष राहत नाही म्हणून. सुट्टीच्या दिवशी एकेकीला घरी फोन लावून द्यायचा. स्पीकर चालू, आणि स्वतः शेजारी दात कोरत उभा. माय विचारायची, बरी आहेस ना? मी म्हणायची, बरी आहे. माय पुन्हा विचारायची, नक्की ना? तिला काही कळलं असेल असं वाटायचं, आणि कळू नये असंही वाटायचं.

घरी जायचं म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर होतं. मुकादमानं तुम्हाला माझ्या हाती दिलंय, तो येईल तेव्हा त्याच्या हाती परत देईन, तोवर कुणाला सोडायचं नाही. आम्ही जणू टॉवेलचे गठ्ठे, एकानं ठेवलेले, त्यानंच उचलायचे. एकदा माझ्याबरोबरची थोरली त्याच्याशी भांडायला उभी राहिली. तो चिडला नाही. गेटवरच्या वॉचमनला हाक मारून म्हणाला, उघड रे गेट. मग आमच्याकडं वळला.

"जा की. कार्ड न्हाई, फोन न्हाई. कोण येणार हाय तुमचा कैवार घ्यायला हितं?"

गेट उघडं होतं आणि आम्ही चौघी तिथंच उभ्या राहिलो. बंद गेटापेक्षा ते मला जास्त लागलं.

माय नेहमी म्हणायची, तू कुठंही जा, देव तुझ्याआधी पोचलेला असतो. पोचलेला तर होता. मॅनेजरच्या केबिनमध्ये भिंतीवर देवाचा मोठा फोटो होता, आणि बरोबर त्याच्या खाली तो ड्रॉवर, ज्यात आमची कार्डं होती. रोज सकाळी मॅनेजर फोटोला हार घालायचा, उदबत्ती ओवाळायचा, तीच उदबत्ती ड्रॉवरच्या कुलपावरूनही फिरवायचा. मी शिलाईच्या दारातून बघायची. ज्याला मी हात जोडायचे तो राखण कुणाची करतोय, असं मनात यायचं. देवाचा असा संशय घ्यावा का, हे विचारायला जवळ कुणी नव्हतं.

मावशी आम्हाला जेवण करून घालायची. कुंभारीहून सकाळी रिक्षानं यायची, दुपारनंतर परत जायची. विधवा, उंच, घरात कन्नड बोलणारी. तिच्या मराठीला कन्नडचा ठेका होता. केबिनमध्ये ती न विचारता शिरायची, ही मला पहिली खटकलेली गोष्ट. दुसरी म्हणजे तिचे प्रश्न. गाव कुठलं, रेल्वे कुठं लागते, घरात शिकलेलं कोण आहे, बाप काय करतो. भाकरी थापता थापता विचारायची, पण उत्तर आलं की हात थांबायचे. एवढं कुणाला कशाला हवं असतं? तिसरी गोष्ट तिच्या गळ्यात होती. झंपरच्या आत दोऱ्याला काहीतरी जड लटकवलेलं असायचं. मॅनेजरची चाहूल लागली की तिची मूठ त्यावर जायची. मागचं दार कायम बंद असायचं, त्याची किल्ली हिच्याकडं आहे असं मी ठरवून टाकलं. बाहेरून कुलूप लावणारी हीच.

आणि चौथी गोष्ट तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितली. त्या गेटच्या प्रकारानंतर मी जेवायला बसले, पण भाकरी नुसती कुस्करत राहिले. मावशी वरण वाढायला वाकली आणि कानाशी म्हणाली, "भ्यायचं न्हाई, तंगी. देव सोडतो तुला."

तंगी म्हणजे धाकटी बहीण, एवढं कन्नड मला आलं होतं. पुढचं तर मराठीच होतं. देव सोडतो तुला. वर हसली. मी ताट सरकवलं. मायनं ज्याच्या भरवशावर पाठवलं तोही सोडणार, हे ही बाई मला वरण वाढता वाढता सांगते! रात्री बाकीच्या तिघींना सांगितलं. थोरली म्हणाली, मॅनेजरनंच बोलायला लावलं असेल, आपला धीर सुटावा म्हणून. आमच्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली, खरं असेल तर मावशी तरी काय करील. तिचं ते बोलणं मला अजून आठवतं.

पुढं मावशी हे वाक्य वरचेवर म्हणू लागली. कधी मला, कधी धाकटीला. देव सोडतो. दर वेळी मी तिच्याकडं पाठ फिरवायची.

मग एका सकाळी ती केबिनमध्ये गेली आणि आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोलू लागली. तिचा नवस होता, कुमारिका जेवू घालायच्या होत्या. गल्लीतल्या पोरी यात्रेला गेल्या, आता नवस तुंबला तर देव कुणावर कोपेल? हितल्या चार पोरी दुपारपुरत्या दे.

मॅनेजर हसला. "एवढ्या घोड्या, आणि कुमारिका?"

"लगीन झालंय का त्यांचं?"

"न्हाई."

"मग झालं की. नवे माग बसवलास, नारळ फोडलास. आता कुमारिकेला न्हाई म्हण की. म्हण."

मी शिलाई थांबवून ऐकत होते. हा माणूस कुलपाला उदबत्ती ओवाळणारा. नाही म्हणायला त्याची जीभ वळेना. शेवटी म्हणाला, गाठोडी इथंच राहतील, चारच्या आत परत आण, आणि वॉचमनला सांगून ठेवतो. मावशी बाहेर आली तेव्हा तिची मूठ गळ्यापाशी होती.

बाकीच्या तिघी खूश झाल्या. मी नाही. ज्या बाईला देव आम्हाला सोडणार हे आधीच माहीत आहे, ती आम्हाला जेवायला कशाला नेते? मुली कुठं कुठं नेऊन विकतात हे गावात ऐकलेलं होतं. पण मागं एकटी राहायचं म्हणजे त्याहून वाईट. मी धागे छाटायची कात्री कमरेला खोचली आणि निघाले.

रिक्षात ती पुढं बसली होती, ड्रायव्हरशी कन्नडमध्ये बोलत. एकही शब्द कळत नव्हता. मी रस्त्यावरच्या पाट्या वाचत गेले, परत यायची वेळ आली तर वाट कळावी म्हणून. वळणावर रिक्षा हळू झाली की माझा हात कमरेकडं जायचा. ती एकदा मागं वळली, माझा हात बघितला आणि पुढं वळली.

घर साधं होतं. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात खुंट्याला बांधलेलं एक तांबडं वासरू. आल्याबरोबर मावशी हातपाय धुऊन कोपऱ्यात बसली. झंपरातला दोरा बाहेर काढला. चांदीची लहानशी डबी होती ती. त्यातून काळं इष्टलिंग, लिंगायत गळ्यात बांधतात ते, काढून तिनं डाव्या तळहातावर ठेवलं आणि त्याच्याकडं बघत बसली, समोर बसलेल्या माणसाकडं बघावं तशी. मी जिला किल्ली समजत होते ती ही. तरी मी कमरेची कात्री काढून ठेवली नाही. देव तर मॅनेजरकडंही होता.

पानं वाढली. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, वांग्याची भाजी, आणि गव्हाची खीर. तिघी जेवायला लागल्या. मी खिरीकडं बघत होते. खिरीत काहीही घालता येतं. मावशी समोर येऊन बसली. माझ्या पानातली खीर तिनं बोटांनी उचलली, खाल्ली, मग भाजी खाल्ली, भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. नवसाची कुमारिका जेवायच्या आधी तिचं पान उष्टं केलं. घरात दुसरं कुणी बघितलं असतं तर बोललं असतं.

"आता जेव की," म्हणाली.

मी जेवले. पोटभर. आणि जेवण झाल्यावर ती पदरानं हात पुसत म्हणाली, आता परत जायचं न्हाई, आता ठाण्यात जायचं. पोलीस ठाण्यात. रिक्षावाला थांबलाय. आणि धाकटी रडायला लागली तशी तिच्या डोक्यावर हात ठेवून तेच म्हणाली. देव सोडतो.

मला राहवलं नाही.

"मावशी, देव सोडतो म्हणता, मग आम्हाला काहून नेता? त्यानं सोडलं तर पोलीस काय करणार?"

तिला काही कळेना. मी पुन्हा सांगितलं, देव सोडतो म्हणजे टाकून देतो, आमच्याकडं तसंच म्हणतात. तिचा चेहरा उतरला. एवढे दिवस ती आम्हाला काय ऐकवत होती हे तिला तेव्हा कळलं असावं. कन्नडमध्ये स्वतःशी काहीतरी पुटपुटली. मग माझा हात धरून अंगणात घेऊन गेली. वासराच्या गळ्यातलं दावं ओढून दाखवलं.

"हे बांधलंय. मी आता काय करते?"

तिनं गाठ उकलली. वासरू दोन उड्या मारून कडब्याकडं गेलं.

"वासरू सोडलं," मी म्हणाले.

"मग? मी त्याला टाकलं व्हय?"

सोडवतो म्हणायचं होतं तिला. एक 'व' तिच्या मराठीत नव्हता. पण तोही नकोच होता. आमच्याच घरी रोज सकाळी माय बकऱ्या सोड म्हणायची, गाठ सोड म्हणायची. तो शब्द मी जन्मापासून दोन्ही अर्थांनी ऐकलेला. त्या कारखान्यात मला त्यातला एकच ऐकू येत होता.

ठाण्यात एक बाईसाहेब होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मुलींच्या बाजूनं कोण आलंय? मावशी उभीच होती, आणखी थोडी पुढं सरकली. फोन गेला. मॅनेजर तासाभरात आला, आमची गाठोडी आणि कार्डं घेऊन. येताच म्हणाला, मी कुठं अडवलं, परगावच्या पोरी म्हणून काळजी घेत होतो. बाईसाहेब म्हणाल्या, झाली काळजी, कार्डं इकडं ठेवा. जाताना तो मावशीपाशी थांबला.

"देवाच्या नावानं खोटं बोललीस."

"खोटं कुटलं? ह्या पोरी सुटल्या तर कुमारिका घालीन, असाच नवस होता. जेवण आदी झालं, एवढंच."

तिचं काम त्याच दिवशी गेलं. हे तिला खीर शिजवतानाच माहीत होतं. आम्हाला गाडीत बसवून दिलं तेव्हा तिनं भाकऱ्या बांधून दिल्या. मी कात्री तिच्या हातात ठेवली. बघून म्हणाली, मला वाटलंच होतं.

घरी काम नव्हतं, म्हणून मी पुन्हा सोलापूरला आले. दुसरा कारखाना, कार्ड माझ्याकडं, फोन माझ्याकडं. अजूनही कुणी झेरॉक्सला कार्ड मागितलं तर मी बरोबर जाते, मशीनपाशी उभी राहते. कुणी फार प्रेमानं बोललं की मी त्याचे हात बघते. देवाचंही तसंच. मी हात जोडते, पण आता त्याला भिंतीवर शोधत नाही. केबिनमध्ये न विचारता शिरणारं कुणी दिसलं की आधी त्याच्याकडं बघते. देव असेल तर तिथं असेल.

आल्यावर कुंभारीला गेले. घराला कुलूप होतं, खुंटा रिकामा. शेजारची म्हणाली, लेकीकडं गेली, कर्नाटकात इंडीच्या बाजूला, गावाचं नाव काही सांगितलं नाही. मीही कोण कुठली, म्हणून तिनं मला दारातच उभं ठेवलं होतं. मला त्याचा राग आला नाही. माझा नंबर तिच्याकडं ठेवून आले. मध्येमध्ये जाऊन विचारते.

मावशी सापडेल. सापडली की तिला आमच्या गावी न्यायचं, मायच्या हातची खीर करायची, आणि तिला पाटावर बसवायचं. तिच्या पानातला पहिला घास मी खाईन. मग म्हणेन, आता जेवा की.