व्हर्नाचा चौकड्यांचा फ्रॉक

व्हर्ना डाल एकवीस वर्षं वीस वर्षांचीच राहिली. बीझलीच्या तंबू-नाटक कंपनीची ती नायिका होती, आणि नाटकातली नायिका कधी म्हातारी होत नाही, त्याला बिचारी व्हर्ना तरी काय करणार?

कंपनीत आली तेव्हा ती खरोखरच वीस वर्षांची होती. वडील गावच्या डेअरीत लोणी काढायचे. एके वर्षी कंपनी गावात असताना नायिका गालगुंडाने आजारी पडली, व्हर्नाने एका दुपारीत भूमिका पाठ केली आणि ती जागा पुन्हा कधीच सोडली नाही. मे ते सप्टेंबर अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातली लहान लहान गावं, दर गावी एक आठवडा, रोज वेगळं नाटक. दोन अंकांच्या मधे हीच नायिका बाकांमधून फिरत टॉफीच्या पुड्या विकायची. कंपनीतला विनोदी नट एल्मो याच्याशी तिचं लग्न झालं. पाळणा मात्र हलला नाही, आणि त्याबद्दल ती कोणाशी बोलतही नसे.

सगळ्या गावांत तिचं लाडकं गाव ऑस्टरव्हिल. तिथल्या गेर्डा क्नुट्सनचं लग्न व्हर्नाच्या पहिल्याच मोसमात झालेलं. तेव्हापासून दर ऑगस्टला गेर्डा तंबूच्या मागच्या बाजूने यायची, हातात गूसबेरीची पाई, म्हणजे आंबटगोड फळं भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी. वर्षभराच्या गप्पा दोघी तिथेच, उभ्याउभ्या मारायच्या.

एकोणीसशे चौतीस साली मका दाणा धरायच्या आधीच वाळला, आणि त्याच उन्हाळ्यात मिस्टर बीझलींनी लोरेटा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी कंपनीत आणली.

"‘ॲनी परत आली’मधली ॲनी यंदा लोरेटा करेल," ते म्हणाले. "तू तिची आई."

"आई?" व्हर्नाचा चेहरा पडला. "लोक तिकिटाचे पैसे परत मागतील, मिस्टर बीझली!"

"तेच बघायचंय. पुढच्या आठवड्यात शनिवारी ऑस्टरव्हिलला दुपारचा खेळ आहे. तिथे तुझ्यावर जीव टाकतात. त्यांनीसुद्धा तुला आई म्हणून पत्करलं नाही, तर पुढच्या मोसमाला मला दुसरी बाई बघावी लागेल. मला कंपनी चालवायची आहे, व्हर्ना."

व्हर्ना तणतणत तंबूमागे गेली. एल्मो आरशासमोर डिंकाने दाढी चिकटवत होता.

"यात रडण्यासारखं काय आहे गं?" तो म्हणाला. "मी तर पंचविसाव्या वर्षी आजोबा झालो."

"तुला लाज नाही, म्हणून!"

"आणि ॲनीचा तो चौकड्यांचा फ्रॉक तू दोनदा सैल केलास. तिसऱ्यांदा सैल करायला त्यात कापड तरी आहे का?"

हे मात्र तिला फार झोंबलं, कारण ते खरं होतं.

बीझली कोणाच्याही हाती पूर्ण नाटक देत नसत. चोरीला जाईल म्हणून ते स्वतःच्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवत. नटाला मिळायची ती फक्त स्वतःची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-चार शब्द. ते शब्द कानावर पडले की तोंड आपोआप उघडायचं. व्हर्नाने आईची वाक्यं बारा दिवसांत घोटली. ॲनीची वाक्यं मात्र एकवीस वर्षं घोटलेली होती.

शनिवारी तंबू गच्च भरला. उकाड्याने जीव जात होता, तरी पंखे हलवत सगळे बसून राहिले. पहिले दोन अंक बरे गेले. पण लोक हसत नव्हते आणि रडतही नव्हते, नुसतेच व्हर्नाकडे बघत होते. पडद्याआडून बीझलीही बघत होते.

शेवटचा अंक. शहरात फसलेली ॲनी घरी परतते आणि दार वाजवते. केसांना पांढरी पावडर लावलेली व्हर्ना खुर्चीतून उठली.

"दारात कोण आहे?" ती म्हणाली.

हे शब्द तिच्या स्वतःच्याच कानावर पडले, आणि कोणी काही बोलायच्या आत तीच कळवळून म्हणाली, "मी आहे, आई. मला आत घेशील ना?"

दारात लोरेटा तोंड उघडं टाकून उभी. तिचं वाक्यच कोणीतरी पळवलं होतं. आपण काय करून बसलो हे व्हर्नाच्या ध्यानात आलं. संपलं सगळं, तिला वाटलं.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून गेर्डाचा खणखणीत आवाज आला.

"घेऊ की गं, व्हर्ना! ये आत! किती वर्षं दारात उभी राहणार आहेस?"

सगळा तंबू हसला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. व्हर्नाला रडू आवरेना. समोर बघते तर भेदरून लोरेटाचेही डोळे भरलेले. व्हर्नाने पुढे होऊन तिचा हात धरला, तिला आत ओढलं आणि छातीशी घेतलं. आईचं पुढचं वाक्य तिला कोणी सुचवायची गरज पडली नाही. त्या पोरीला धरून ती इतक्या मायेने बोलली, की मागच्या बाकावरचे रांगडे शेतकरीही नाक शिंकरायला लागले.

खेळ संपल्यावर गेर्डा पाई घेऊन तंबूमागे आली.

"माझी लाज काढलीस आज," व्हर्ना डोळे पुसत म्हणाली.

"मग काय करू? अगं, आम्ही सगळ्या तुझ्याच बरोबरीच्या. आमच्या पोरींची लग्नं झाली. तू मात्र दर वर्षी तो फ्रॉक घालून आम्हाला मागे टाकून जायचीस. आम्ही कधीची वाट बघत होतो तुझी!"

बीझली तिथूनच जात होते. "पुढच्या मोसमाला आई तूच," असं पुटपुटत ते घाईघाईने पुढे गेले.

व्हर्नाने पाईचा मोठा तुकडा तोंडात टाकला आणि लोरेटाला हाक मारली. "इकडे ये गं, पोरी. सरळ उभी राहा." तिने पेटीतून चौकड्यांचा फ्रॉक काढला, लोरेटाच्या अंगाला लावून पाहिला, आणि कमरेपाशी स्वतःच सैल केलेली शिवण पुन्हा आत घ्यायला सुई-दोरा घेऊन बसली.