पिवळ्या चिठ्ठीखालची सही

आमच्या घरात कागद नवरा बघतो. व्हिसाचे, ग्रीन कार्डाचे, टॅक्सचे, मुलीच्या कॉलेजचे. एकवीस वर्षं हाच शिरस्ता. तो सगळं भरतो, गठ्ठा लावतो, आणि सही हवी तिथं पिवळी चिठ्ठी चिकटवून तेवढाच कोपरा बाहेर ठेवतो. मी फार्मसीच्या काउंटरवर आठ तास उभी राहून, पार्सिपनीच्या ट्रॅफिकमधून घरी येते तेव्हा पायांचे तुकडे पडलेले असतात. एका हातात चहा, दुसऱ्या हातात पेन. चिठ्ठी दिसली की सही. वाचतंय कोण!

गेल्या निवडणुकीच्या आधी मी इथली नागरिक झाले. शपथ घेताना रडू आलं, ते काही पासपोर्टासाठी नाही. आता राष्ट्राध्यक्षासाठी आपलंही मत मोजणार म्हणून. आमच्या मंडळींत मतं कशी ठरतात ते मी बघत आले होते. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक काका टॅक्सवरून ठरवतात, दुसरे व्हिसावरून, तिसरे भारताशी कोण गोड बोलतो त्यावरून. आणि काकू? काकू म्हणतात, "आमचे हे सांगतील तिथं." मला अस्सा संताप यायचा! आपलं डोकं काय नुसतं गजरा माळायला आहे?

माझं मत काउंटरवर ठरलं होतं. एक गोऱ्या आजी दर महिन्याला यायच्या. किंमत ऐकायच्या आणि दोन बाटल्यांतली एक हळूच माझ्याकडे परत सरकवायच्या. "ही पुढच्या वेळी, हनी." पुढच्या वेळीही तेच. औषधांच्या किमतींबद्दल कोण काय म्हणतंय ते मी महिनाभर गाडीत ऐकलं, दोन्ही उमेदवारांचं, आणि एक नाव पक्कं केलं. कुणाला सांगितलं नाही. एवढी एक गोष्ट माझी स्वतःची होती.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी नवरा पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाला, "आपल्या दोघांची बॅलट काल पेटीत टाकून आलो बरं का."

"माझं? मी कधी भरलं?"

"मी भरलं ना. गुरुवारी तू सही केलीस की!"

गाडीच्या इन्शुरन्सखाली होतं म्हणे. टपालाने मतपत्रिका मागवायच्या अर्जावरही मी अशीच सही ठोकली होती.

"कुणाला दिलंस?"

त्यानं सांगितलं. मी पक्कं केलेलं नाव नव्हतं ते.

"अरे, मला विचारायचंस तरी!"

तो भांडायला उठला असता तर बरं झालं असतं. तो खरंच गोंधळला होता. "एकवीस वर्षांत तू कधी विचारलंस, मी काय भरतो ते?"

आपलेच दात, आपलेच ओठ. पोहे तसेच राहिले. मुलीला फोन केला तर ती भडकली, "आई, दॅट्स नॉट ओके! रिपोर्ट इट!" कुणाला रिपोर्ट करू, तुझ्या बाबांना? तिचं खरं होतं, पण माझ्यात त्राण नव्हतं. एवढा राग आला होता आणि तो धड करायचीही ताकद नव्हती.

दोन दिवसांनी निवडणूक खात्याच्या वेबसाइटवर बघितलं. माझं बॅलट पोचलं होतं. सही जुळली होती, म्हणून मत स्वीकारलं होतं. सही जुळणारच, माझीच होती ती.

मतदानाच्या दिवशी दुपारी आजी आल्या. कोटावर मत दिल्याचा स्टिकर, चेहऱ्यावर केवढं समाधान. मी दोन्ही बाटल्या पुढं ठेवल्या, किंमत सांगितली.

"तू दिलंस का गं मत?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"शहाणी माझी," असं म्हणून त्यांनी माझा हात थोपटला, आणि एक बाटली माझ्याकडे परत सरकवली.