आयरनीचा तास

राणीसावरगावच्या गुरुपाद किराणावाल्यांची त्रिवेणी इंग्रजीत एम. ए. झाली आणि सोनपेठच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवू लागली. पोरं गाईड घोकून यायची. कवितेत ‘लाइक’ दिसलं की सिमिली, न्हाई दिसलं की मेटाफर. ते ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. गाईड मिटा, घरात माणसं कशी बोलतात ते सांगा, म्हणायची.

आयरनी, म्हणजे उपरोध, शिकवताना ती म्हणाली, “सासू म्हणते, आमची सून लय कामाची, दुपार झाली तरी अंथरूण सोडत न्हाई. हे कौतुक हाय का?”

वर्ग हसला. सविता हसली नाही. “म्हंजे मॅडम, बोलायचं खरं, पण कुणाला धरता येऊ नये असं?”

त्रिवेणीला वाटलं, एका पोरीला कळलं, भरून पावले.

स्नेहसंमेलनात आभार सविताकडे होते. संस्थेचे अध्यक्ष दत्तराव पुढेच बसलेले. सविता म्हणाली, “साहेबांनी मुलींसाठी संडास बांधला आणि घाण होऊ नये म्हणून आजवर कुलूप काढलं नाही. एवढी काळजी तर आईबापही घेत नाहीत.”

मांडवात हशा पिकला. दत्तरावही हसले. मग लोक आपल्याकडेच बघतायत हे त्यांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सविताच्या बापाला, लिंबाजीला, ऑफिसात उभं केलं. लिंबाजी त्यांच्याच कापसाच्या जिनिंगवर हमाल.

“पोरीला हे शिकवलं कुणी?”

“मी,” दारातून आत येत त्रिवेणी म्हणाली. “अभ्यासक्रमात आहे.”

“अभ्यासक्रमात माझा संडास हाय व्हय?”

तिचे तास गेले. आपण अंगावर घेतलं, पोरगी तरी सुटली, असं तिला वाटलं. पण आठवड्यातच लिंबाजीने सविताचं नाव कॉलेजातून काढलं. त्रिवेणी धावत त्याच्या घरी गेली. त्याने दारातच पाणी दिलं, आत बोलावलं नाही.

“मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमाला दुसरं कॉलेज मिळंल. आमाला इथंच राहायचंय.”

आत भांडी वाजत होती. सविता बाहेर आली नाही.

माघात सविताचं लग्न लावून तिला झरी गावी देऊन टाकलं. त्रिवेणीला पत्रिका आली नाही. दुसरं कॉलेजही मिळालं नाही. दत्तरावांचा शब्द तिच्याआधी सगळीकडे पोचलेला होता. आता ती बापाच्या गल्ल्यावर बसते. गिऱ्हाईक अजून मॅडम म्हणतं. सुरुवातीला ती ‘मॅडम नका म्हणू’ म्हणायची. हल्ली ती तेवढंही म्हणत नाही.