टोचनाशिवाय सोलापूर

जोतिरामला खोटं बोलता येत नाही. लोक म्हणतात हा त्याचा गुण आहे. शाळेपासून त्याच्या संगतीत राहिलेला माणूस म्हणून मी सांगतो, हा आजार आहे. सांगोल्याच्या बाजारात एकदा त्याच्या मेंढ्याला गिऱ्हाईक पक्कं झालं होतं, आणि हा बाबा म्हणाला, "पावणं, तेवढं एक सांगायचं राहिलं. रातच्याला खोकतंय ह्ये." पाहुणा चालता झाला. जोतिरामची बायको केराबाई घरी पोचेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. आता मात्र कुणाला मेंढरू घ्यायचं असलं की लोक आधी जोतिरामची वस्ती गाठतात.

त्याचा दुसरा आजार म्हणजे त्याची मॅटाडोर व्हॅन. बोथट तोंडाची, एके काळी निळी असावी अशी. तिनं मेंढरं वाहिली, पेंड वाहिली, निम्म्या गावाची वऱ्हाडं वाहिली. आता ती सपरात सावलीला उभी असते आणि शेळ्या उन्हात. अधूनमधून जोतिराम तिला फिरवायला काढतो. म्हणजे जाताना तो तिला नेतो आणि येताना कुणाचा तरी ट्रॅक्टर दोघांना दोर बांधून ओढत आणतो. ह्याला आमच्याकडं टोचन म्हणतात. त्या दिवशी केराबाई दारात उभी असते. दिवे लागले तरी नवऱ्याचा पत्ता नाही, फोन लागत नाही, आणि मग लांबून ट्रॅक्टरचा आवाज येतो. ती शिव्या देते ते गाडीला, पण जीव टांगणीला लागलेला असतो तो नवऱ्यापायी. हे जोतिराम सोडून सगळ्यांना कळतं.

मी नोकरीतून सुटल्यापासून जुळे सोलापुरात राहतो. तिथं भाजी आणायला गेलो असताना एक फलक पाहिला: येत्या रविवारी शहरात जुन्या व्हॅनगाड्यांचं प्रदर्शन. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण मी जोतिरामला फोन केला. त्यानं आमच्या तिसऱ्या दोस्ताला, गुरुशांतला सांगितलं. गुरुशांतचं सांगोल्यात किराणा दुकान आहे, घरात कानडी बोलतात, आणि साखरेची पोती विकता विकता साखरेचा आजार त्याला स्वतःलाच जडलाय.

शनिवारी मी एसटीनं वस्तीवर मुक्कामाला गेलो. जेवताना केराबाईनं अट घातली.

"जावा. पन ह्या बारीला टोचन लावावं लागलं, तर गाडी परत माज्या दारात आनायची न्हाय. मला आता वाट बघवत न्हाय."

"बरं," जोतिराम म्हणाला.

दुसऱ्या कुणी 'बरं' म्हटलं असतं तर मी दुसरी भाकरी मागितली असती. पण जोतिरामचं 'बरं' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याचा त्या गाडीवर किती जीव आहे ते मला माहीत होतं. ती गेली तर हा माणूस सपराकडं पाठ करून बसला असता.

सकाळी निघायच्या आधी भंडारा. जोतिरामच्या घरात कुठलंही काम बिरोबाला हळद उधळल्याशिवाय सुरू होत नाही. गाडीच्या बाबतीत त्याची एक खास रीत आहे. भंडारा उभ्या गाडीला नाही, चालू इंजिनाला. "मेंढराला बी आपन जित्यापनीच लावतो की," हे त्याचं म्हणणं. मॅटाडोरचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधेच असतं. त्यानं झाकण उचललं, इंजिन धडधडत होतं, आणि एरवी चिमूटभर टाकतो तिथं त्यानं मूठभर टाकला. अट मोठी होती ना. मग सांगोल्याहून पहाटेच आलेल्या गुरुशांतनं एक मूठ टाकली. माझा देवावर विश्वास बेताचाच, पण जोतिरामचं तोंड बघून मीही एक टाकली, आणि नंतर उरलेली पिशवीच झाडली. आम्ही तिघं पिवळे होऊन निघालो.

मोठ्या रस्त्यानं मागचे लोक हॉर्न मारून जीव नकोसा करतात, म्हणून जोतिरामनं आतला रस्ता धरला. मंगळवेढा मागं पडेपर्यंत गाडी लेकीसारखी चालली. नाश्त्याला थांबू म्हटलं तर हा ऐकेना. "एकदा बंद केली की चालू हुईल ह्याची खात्री न्हाय. सोलापुरात खाऊ." गुरुशांतनं सकाळची गोळी घेतलेली होती, पोटात मात्र नुसता चहा. तो काही बोलला नाही. ह्या दोघांच्या मैत्रीत हाच घोटाळा आहे. एक खरं बोलायचं थांबत नाही आणि दुसरा बोलत नाही.

कामतीच्या अलीकडं एका चढावर गाडी धापा टाकायला लागली. मागं काळा धूर. जोतिरामनं गिअर खाली आणला, आणखी खाली आणला, आणि शेवटी ती चढाच्या मधोमध उभी राहिली. आम्ही डिझेल बघितलं, पाणी बघितलं, एकमेकांची तोंडं बघितली. तेवढ्यात मागून एक ट्रॅक्टर आला. चालवणारे म्हातारे, शिवप्पा नावाचे. ते आपणहून उतरले, पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाले, "दोर हाय. ओढू का कामतीपातूर?"

"नगं," जोतिराम म्हणाला. "आमी ढकलतो."

चढावर? मी त्याला सरळ वेड्यात काढलं. दोर बांध म्हटलं, केराबाईला कोण सांगतंय म्हटलं. तो चाकाला दगड लावत राहिला. शिवप्पा सावलीला बसून गंमत बघत होते. मी गुरुशांतला म्हटलं, "तू तरी समजाव ह्याला." तर गुरुशांत माझ्याकडं बघून हसला आणि दुकानात तेलाचे डबे आलेत, उतरवून घ्या, असं सांगायला लागला. सदरा घामानं चिंब. हात लावला तर गार. शिवप्पांच्या फडक्यातल्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला तर तो चावेना. साखर उतरली होती, आणि आमच्या चौघांत साखरेचा एक दाणा नव्हता.

मी घाबरलो. काय करावं ते मला सुचेना. ट्रॅक्टरवर माणूस आडवा घालायला जागा नसते आणि गुरुशांत बसण्याच्या पलीकडं गेला होता. मी वळून बघेपर्यंत जोतिरामनं शिवप्पांचा दोर ओढून आपल्या गाडीला बांधलासुद्धा होता. "त्याला मागं झोपीव," एवढंच म्हणाला. आवाज अगदी साधा. गुरुशांतचं डोकं मी मांडीवर घेतलं, आणि आरशात मला जोतिरामचे डोळे दिसत होते. ते दोराकडं एकदाही गेले नाहीत, सारखे मागं गुरुशांतकडं येत होते.

कामतीत डॉक्टर भेटले. सलाईनमधून साखर गेली आणि थोड्या वेळात गुरुशांत उठून बसला. पहिला प्रश्न काय विचारावा? "माझी चप्पल कुटं हाय?" मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि गळ्यातही पडावंसं वाटलं. मी गळ्यात पडलो. इतकं सुटल्यासारखं मला माझ्या लेकीच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

शेजारच्या गॅरेजवाल्यानं तोवर गाडीचा एअर फिल्टर काढला होता. त्याच्या झाकणाची पकड कैक वर्षांमागं तुटलेली, झाकण नुसतं टेकवलेलं. त्यानं फिल्टर उलटा करून आपटला. जमिनीवर पिवळा ढीग पडला.

"हळदीचा धंदा हाय काय तुमचा?" त्यानं विचारलं.

चालू इंजिनानं आमचा सगळा भंडारा श्वासाबरोबर आत ओढला होता आणि हवेवाचून ते घुसमटलं होतं. फिल्टरला हवा मारली, बसवला, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आम्ही खो खो हसलो. जोतिराम हसला नाही.

प्रदर्शनाला पोचलो तेव्हा निम्मा दिवस सरला होता. मैदानावर एकेक गाडी अशी चकचकीत, की माणसं तिच्यात बघून भांग पाडत होती. आम्हाला कडेला जागा मिळाली. गाडीला मेंढरांचा वास येत होता, तरी पोरंटोरं आमच्याकडंच जास्त. एक गॉगलवाले गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "आजोबा, एवढ्या लांबून चालवत आणलीत?"

"न्हाय," जोतिराम म्हणाला. "मदी टोचन लावलं."

मी कपाळावर हात मारला. पुढं दिवसभर जो विचारील त्याला तो हेच सांगत राहिला. सगळ्या गाडीवाल्यांना दिला तसा आम्हालाही एक नारळ मिळाला. तो घेऊन जोतिराम म्हणाला, "भंगारवाला कुटं बसतो हितं?"

तेव्हा मला कळलं की हा सकाळपासून काय घोकतोय. दारात आणायची नाही, म्हणजे इथंच सोडून जायची. मी सांगितलं, रविवार आहे, सगळे बंद. एखादा उघडा असता तरी मी हेच सांगितलं असतं. मला खोटं बोलता येतं, देवाच्या दयेनं.

माझं घर सोलापुरातच, पण मीही त्यांच्याबरोबर परत निघालो. वाटेत मी आणि गुरुशांतनं त्याला पढवलं. केराबाईनं विचारलं तर म्हणायचं, पोचलो, बघितलं, आलो. टोचनाचं नाव नाही. तो सगळ्याला मान हलवत होता. वस्ती जवळ आली तेव्हा नुकता अंधार पडत होता. आतल्या वाटेला वळायचं तर हा डांबरी रस्त्याच्या कडेलाच थांबला, इंजिन बंद केलं आणि चालायला लागला. आम्ही मागं.

केराबाई दारात होती. तिनं आधी नवऱ्याला नखशिखांत बघितलं, मग आम्हाला.

"गाडी कुटं हाय?"

"रस्त्यावर. दारात आनायची न्हाय म्हनलीस. टोचन लावलं मी."

"का लावलं?"

बंद पडली होती, एवढंच जोतिराम सांगणार होता. स्वतःची बाजू मांडणं त्याला खोटं बोलण्याइतकंच अवघड जातं. शेवटी गुरुशांतच पुढं झाला. जन्मात पहिल्यांदा तो न विचारता बोलला.

"वहिनी, माझी साखर उतरली हुती. शुद्ध न्हवती मला. त्यो ढकलत न्यायचं म्हनत हुता, मला बघितलं आन् सोताच दोर बांधला."

केराबाईनं गुरुशांतच्या हातावरची सलाईनची पट्टी बघितली. पदरानं तोंड पुसलं. नवऱ्याकडं वळली.

"मग टोचन भावजींना लावलं म्हनायचं," ती म्हणाली. "गाडीचा काय संबंद त्यात?"

जोतिरामला ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा तो पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. माझेही डोळे भरून आले. त्यात लाज कसली?

"उटा आता," केराबाई म्हणाली. "रस्त्यावर गाडी ठेवत्यात व्हय कुनी?" आणि त्याची वाट न बघता ती स्वतःच रस्त्याकडं निघाली. थोड्या वेळानं मॅटाडोर आतल्या वाटेनं हळूहळू दाराशी आली, आणि पुढच्या सीटवर, जोतिरामशेजारी, केराबाई बसलेली होती.