तीनदा परत आलेलं पार्सल

वहिनींना कुत्र्यांची आवड आहे असं कुणी म्हटलं की त्यांचा पारा चढतो. "आवड कसली डोंबलाची? आवड असती तर एक पाळलं असतं आणि मांडीवर घेऊन बसले असते. हे काम आहे, काम." आणि त्या बोलतात तशाच वागतात. पहाटे उठून चौदा कुत्र्यांची जागा धुतात, चौदा ताटल्या भरतात, औषधं देतात, आणि मधूनच कुणी पायात घुटमळलं तर त्याला "हो बाजूला, रिकामटेकड्या" म्हणतात. वहिनी त्या नवऱ्याच्या बहिणीच्या. पण सगळ्या गल्लीने ते नाव उचललं, आणि आता टपालवालाही पत्त्यावर दुसरं नाव दिसलं की गोंधळतो.

ही जागा आधी लाँड्री होती. वहिनी आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, दोघांनी मिळून ती सव्वीस वर्षं चालवली. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, टॉवेलांचे ढीग. दोन मोठी यंत्रं आणि एक सुकवायचं पिंप सुरू झालं की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळायचं नाही. म्हणून दोघं हातांनी बोलायला शिकली. उघडा तळहात म्हणजे थांब. दोन बोटं आत वळवली की ये इकडे. हात खाली दाबला की ठेव ते तिथेच. भांडणंसुद्धा हातवाऱ्यांनीच व्हायची, आणि भाऊ सांगतात की त्यातही शेवटचा हात वहिनींचाच असायचा.

मग हॉटेलांनी स्वतःची यंत्रं घेतली आणि लाँड्री बसली. यंत्रं भंगारात गेली. उरली ती फरशी, पाणी वाहून जायला केलेली गटारं आणि दगडी हौद. अशा रिकाम्या जागेत एका कुत्रीने पिल्लं घातली, वहिनींनी ती मोठी करून लोकांकडे दिली, आणि त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येक जखमी कुत्र्याला जणू पत्ता मिळाला. आज नऊ वर्षांनी तिथे जाळीच्या चौदा जागा आहेत. पिंजरे म्हणायचं नाही, खोल्या म्हणायचं. संस्था रीतसर नोंदवलेली आहे. संस्था म्हणजे वहिनी, भाऊ, भाऊंची धाकटी बहीण आणि एक रबरी शिक्का. बहीण सरकारी कचेरीत कारकून आहे, तिला कागदपत्रं समजतात म्हणून ती अध्यक्ष. वहिनी आपल्या या नणंदेला घरातसुद्धा अध्यक्षबाईच म्हणतात, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे नणंदेला अजून उमगलेलं नाही.

पैशाच्या नावाने ठणठणाट. खाटीक उरलेलं मांस बाजूला काढून ठेवतो, गिरणीवाला तांदळाची कणी देतो, जुन्या दवाखान्यातून फाटक्या चादरी येतात. जनावरांचे डॉक्टर दर गुरुवारी येतात आणि फी घेत नाहीत. त्याऐवजी वहिनी त्यांच्या आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करून देतात. एवढी कडक इस्त्री त्या भागात दुसऱ्या कुणाची नसेल. दुपारपर्यंत तिच्यावर पंजे उमटलेले असतात ही गोष्ट वेगळी.

एवढ्याशा जागेत टिकायचं तर नियम लागतात, आणि वहिनींचे नियम म्हणजे दगडावरची रेघ. पहिला नियम, खोल्या चौदा म्हणजे चौदा. दुसरा, वरच्या मजल्यावर घरात एकही कुत्रं न्यायचं नाही; कारण पहिल्या वर्षी सात घरात शिरली होती आणि भाऊ चार महिने इस्त्रीच्या टेबलावर झोपत होते. तिसरा, कुत्र्यांना लाडाची नावं द्यायची नाहीत. जिथे सापडलं ते नाव. त्यामुळे तिथे एक पंप होता, एक पायरी होती, एक फाटक होतं. आणि चौथा नियम, जो पाळताना वहिनींनाच सगळ्यात जड जायचं: जे कुत्रं तीन घरांतून परत येईल, ते शहराबाहेरच्या मोठ्या आश्रमात पाठवायचं. आश्रम वाईट नव्हता. पण एक मैदान, तीनशे कुत्री आणि त्यांना बघायला तीन माणसं. एक खोली कायमची अडली, तर वर्षाला सात-आठ जिवांना दारातून परत पाठवावं लागतं, हा त्यामागचा हिशेब.

पार्सल नावाचा एक पांढराशुभ्र कुत्रा होता. कुरिअरच्या गोदामामागे सापडला म्हणून पार्सल. अकरा महिन्यांत तो दोन घरांतून परत आला आणि भाऊंना विनोद करायला कायमची सोय झाली. पहिलं घर एका नव्या जोडप्याचं. "हाका मारून घसा बसला, पण हा ढिम्म हलत नाही," ते म्हणाले. दुसरा एक दुकानदार. "मी बोलतो आणि हा पाठ करून बसतो. माजलाय नुसता." वहिनींनी दोघांनाही फैलावर घेतलं. कारण इथे पार्सलसारखा शहाणा दुसरा नव्हता. "माझ्या एका इशाऱ्यावर बसतो तो!" त्या ठणकावून सांगायच्या. "तुमच्याकडेच बिघडतो, म्हणजे दोष कुणाचा?"

शुक्रवारी तो तिसऱ्यांदा परत आला. या वेळी त्याला नेलं होतं निवृत्त बस ड्रायव्हरनी. साठी ओलांडलेला, कमी बोलणारा, एकटा राहणारा माणूस. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. दहाव्या दिवशी पट्टा हातातून सुटला आणि पार्सल भर रस्त्यात जाऊन उभा राहिला. मागून ट्रक हॉर्न वाजवतोय, काका ओरडतायत, आणि हा आपला शांत. काकांनी धावत जाऊन त्याला ओढलं, आणि तसेच तडक वहिनींकडे आले. त्यांची एक चप्पल रस्त्यातच राहिली होती. वहिनींना ते दिसलं नाही असं नाही, पण तोंडाचा पट्टा सुटला होता.

"पस्तीस वर्षं बस चालवलीत ना? पन्नास-पन्नास माणसं नेलीत. आणि एक कुत्रं सांभाळता येत नाही?"

काका पट्टा टेबलावर ठेवून निघून गेले.

नियमाप्रमाणे अध्यक्षबाईंनी आश्रमाला कळवलं. सोमवारी सकाळी नऊला गाडी येणार होती. रिकाम्या होणाऱ्या खोलीत कालव्याजवळची एक लंगडी कुत्री चार पिल्लांसह यायची होती; तिची खबर गुरुवारीच आली होती आणि दुसरी खोली रिकामी नव्हती. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या.

शनिवारी सकाळी भाऊ धुतलेल्या चौदा ताटल्यांची चळत घेऊन येत होते. फरशी ओली होती. भाऊ सावरले, पण चळत गेली, आणि एवढा खणखणाट झाला की तेरा कुत्री एकदम उसळून भुंकायला लागली. वहिनी भाऊंना चार शब्द सुनावणार, तेवढ्यात त्यांची नजर पार्सलकडे गेली. तो त्यांच्याकडे पाठ करून बसला होता आणि निवांत कान खाजवत होता.

वहिनी त्याच्या मागे गेल्या. टाळी वाजवली. नाव घेऊन ओरडल्या. मग एक ताटली उचलून तिच्यावर पळी बडवली. पार्सलने खाजवणं संपवलं, हवेत नाक फिरवलं, वळून पाहिलं, आणि वहिनी दिसल्यावर आनंदाने शेपटी हलवायला लागला.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "बहिरा आहे."

"काय?"

"बहिरा! बहिरा आहे!"

"कोण, मी? मला येतं की ऐकू," भाऊ म्हणाले.

वहिनी पळी बाजूला ठेवून ओल्या फरशीवर त्याच्यासमोर बसल्या. अकरा महिने! जिथे दिवसभर चौदा कुत्री भुंकतात आणि माणसं सवयीने हातवारे करतात, तिथे एकाला ऐकू येत नाही हे कळणार तरी कसं? तो हात बघून बसत होता, हात बघून थांबत होता, आणि वहिनी छाती फुगवून त्याच्या आज्ञाधारकपणाची जाहिरात करत होत्या. जिथे लोक तोंडाने बोलतात तिथे त्याला काहीच कळत नव्हतं, आणि त्या लोकांना वहिनींनी शिव्या घातल्या होत्या. त्यांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डॉक्टर गुरुवार नसताना आले आणि तपासून म्हणाले, "पांढऱ्या कुत्र्यांत कधीकधी जन्मतःच असतं हे. माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तुम्हीच सांगायचात ना, माझ्या इशाऱ्यावर चालतो म्हणून? मला वाटलं, बोलायची पद्धत आहे."

"आणि तिकडे? तीनशेंमध्ये?"

डॉक्टरांनी मान हलवली. "मागून कोण अंगावर येतंय ते त्याला ऐकू येणार नाही, वहिनी. पहिल्याच आठवड्यात फाडतील."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग राहू दे त्याला इथेच. नियम आपणच केलाय, आपणच मोडू."

"आणि लंगडीला काय सांगू? तुझी जागा एका बहिऱ्याने घेतली?" वहिनी उठल्या आणि पदराला हात पुसले. "नियम मोडायचा नाही. आणि त्याला पाठवायचंही नाही."

"असं कसं होईल?"

"उद्याचा रविवार आहे ना आपल्या हातात? घर शोधायचं."

रविवारी त्या स्कूटर काढून निघाल्या. 'चुकलं माझं' हे दोन शब्द त्यांनी वाटेत म्हणून पाहिले, कारण ते म्हणायचा सराव नव्हता. नव्या जोडप्याने त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं. पण आता घरात दोन महिन्यांचं बाळ होतं. दुकानदाराने वहिनींना मोठ्या मनाने माफ केलं आणि मग कपाळावर हात मारला. "बहिरा राखणदार घेऊन मी काय करू, वहिनी? चोर काय हातवारे करत येणार आहे?" वहिनींना हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला.

तिसरं घर काकांचं. एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या. काकांनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत.

"चुकलं माझं," वहिनी म्हणाल्या, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच त्यांनी सगळं सांगितलं.

काकांनी दाराची कडी सोडली आणि विचारलं, "म्हणजे त्याला ऐकूच येत नव्हतं?"

"जन्मापासून."

काका दारातल्या खुर्चीवर बसले. "दहा दिवस मी बोलत होतो त्याच्याशी. बायको गेल्यापासून या घरात दुसरा आवाज नाही. सकाळी उठलो की हाक मारायचो, जेवताना सांगत बसायचो काय काय. एकदासुद्धा वळून बघितलं नाही त्याने. मुलगा फोन उचलत नाही, कुत्रं वळून बघत नाही. मला वाटलं, यालाही मी नकोसा झालोय. ट्रकचं नुसतं निमित्त झालं."

कुणाला सुनावायचं असतं तेव्हा वहिनींना शब्द शोधावे लागत नाहीत. आता त्या एकेक शोधत म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. दोन-तीन खुणा आहेत, लगेच शिकाल."

"नको. पुन्हा परत आणायची वेळ आली तर मला सोसायचं नाही."

"नाही आली तर?"

काकांनी दार लावून घेतलं. वहिनी पायरीवर बसल्या. उन्हाची तिरीप पायांवरून गुडघ्यांवर आली. शेजारणीने दोनदा डोकावून विचारलं, कुणाची वाट बघताय. "काकांची," वहिनी म्हणाल्या, "आवरतायत." दीड तासाने दार उघडलं.

"तुम्ही नेहमी अशाच वागता का?"

"नऊ वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या.

काकांनी चपला पायात सरकवल्या.

लाँड्रीत वहिनींनी त्यांना खुणा दाखवल्या. थांब. ये. बस. मागून जाऊन हात लावायचा नाही, दचकतो. बोलवायचं असलं आणि तो बघत नसला तर जमिनीवर पाय आपटायचा, त्याला हादरा कळतो. आणि पट्टा मनगटाला गुंडाळायचा, नुसता हातात धरायचा नाही. काका म्हणाले, "कंडक्टरला मी आरशातून अशाच खुणा करायचो." मग त्यांनी दोन बोटं वळवली. पार्सल खोलीतून थेट त्यांच्याकडे आला आणि गुडघ्यांवर डोकं टेकून उभा राहिला. काकांनी चष्मा काढून पुसला, आणि भाऊ उगाचच ताटल्या मोजायला लागले.

अध्यक्षबाईंनी अर्ज भरून घेतला, शिक्का मारला, आश्रमाला फोन करून गाडी रद्द केली. काका दारापर्यंत गेले आणि थांबले.

"वहिनी, एक विचारू? घरी मी त्याच्याशी बोललो तर चालेल ना?"

"अहो काका, त्याला ऐकू येत नाही."

"ते कळलं. पण मला बोलायचं असतं."

वहिनी त्यांच्याजवळ गेल्या. "बोला की. दिवसभर बोला. फक्त त्याच्यासमोर बसून बोला, म्हणजे तो तुमच्या तोंडाकडे बघेल."

"बघेल माझ्याकडे?"

"बघेल," वहिनी म्हणाल्या. "दुसरं करायचंय काय त्याला?"